एन्क्रुमा : राष्ट्रनिर्माता आणि संस्थाभंजक

११ डिसेंबर १९६३ रोजी घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी आपल्या देशाचे सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांना पदावरून दूर केले. कोर्सा यांच्यावर लाचलुचपतीचा आरोप नव्हता, की कर्तव्यात कसूर केल्याचाही नव्हता. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या अध्यक्षतेखालील विशेष न्यायालयाने राजद्रोहाच्या खटल्यातील पाचपैकी तीन आरोपींना निर्दोष ठरवून सोडले होते. हाच त्यांचा अपराध. हे विशेष न्यायालय एन्क्रुमा सरकारनेच कायदा करून स्थापन केले होते आणि सरन्यायाधीशांची नेमणूक केव्हाही रद्द करण्याचा जो अधिकार वापरण्यात आला, तो त्यांच्याच राजवटीत झालेल्या राज्यघटनेने त्यांना दिला होता. म्हणजे घटनेचे एकही कलम न मोडता त्या दिवशी घानातील न्यायसंस्थेचा कणा मोडण्यात आला. सुमारे सव्वादोन वर्षांनी एन्क्रुमा स्वतः पदच्युत झाले, तेव्हा त्यांच्या बाजूने उभी राहील अशी एकही संस्था देशात शिल्लक नव्हती. या दोन घटनांचा परस्परसंबंध नीट उलगडला, तर एन्क्रुमांच्या आयुष्याची शोकांतिका ध्यानात येते.

तुरुंगातून सत्तेवर

एन्क्रुमा हे काही सामान्य सत्तालोलुप पुढारी नव्हते. १९०९ साली पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीतल्या एन्क्रोफुल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. अचिमोटा येथे शिक्षकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. १९३५ साली ते अमेरिकेला गेले आणि लिंकन विद्यापीठात दाखल झाले. मिळेल ते काम करून त्यांनी पदव्या संपादन केल्या. अर्थशास्त्र, धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. १९४५ मध्ये लंडनला आल्यावर त्याच वर्षी मँचेस्टर येथे भरलेल्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेच्या संघटकांपैकी ते एक होते. गांधीजींच्या लढ्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता आणि पुढे आपल्या देशात असहकार व संप यांचा जो कार्यक्रम त्यांनी दिला, त्यावर भारतीय चळवळीची छाप स्पष्ट दिसत होती.

१९४७ मध्ये गोल्ड कोस्टमधील वकील, व्यापारी आणि सुशिक्षित मंडळींनी एक राजकीय संघटना स्थापन केली. तिचे प्रमुख नेते डॉ. जे. बी. डांक्वा हे विद्वान कायदेपंडित होते. संघटनेला पूर्णवेळ चिटणीस हवा होता. अमेरिकेत एन्क्रुमांबरोबर शिकलेले एबेनेझर आको-अज्जे यांनी त्यांचे नाव सुचवले आणि त्या वर्षाच्या अखेरीस एन्क्रुमा मायदेशी परतले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रा येथे माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन तिघे ठार झाले. शहरात दंगली उसळल्या. सरकारने संघटनेच्या सहा नेत्यांना स्थानबद्ध केले. त्यांत एन्क्रुमा, डांक्वा, आको-अज्जे, ओबेत्सेबी-लॅम्प्टी आणि एडवर्ड अकुफो-अॅडो होते. घानाच्या इतिहासात हे सहाजण एकत्रच ओळखले जातात. त्यांची पुढे काय गत झाली, हे पाहिल्यावाचून एन्क्रुमांच्या राजवटीचे मोजमाप पुरे होत नाही.

वकील मंडळींचा सबुरीचा मार्ग एन्क्रुमांना मानवणारा नव्हता. जून १९४९ मध्ये त्यांनी ‘कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी’ हा स्वतःचा पक्ष काढला. बाजारात बसणाऱ्या स्त्रिया, शाळा सोडलेले तरुण, कारकून, मजूर अशा ज्यांना राजकारणात तोवर कोणी विचारले नव्हते, त्यांना या पक्षाने हाक दिली. जानेवारी १९५० मध्ये चळवळ सुरू झाली आणि एन्क्रुमा तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढवली आणि आक्रा मतदारसंघात पडलेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मते त्यांना मिळाली. गव्हर्नरने त्यांची सुटका करून त्यांना सरकार बनवण्यास पाचारण केले. १९५२ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९५४ आणि १९५६ च्या निवडणुकांत १०४ पैकी सत्तरांहून अधिक जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला आणि त्याने घाना हे प्राचीन नाव धारण केले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत वसाहतीच्या जोखडातून मुक्त झालेला हा पहिला देश. साऱ्या खंडाचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

या देशाची सुरुवातही सुस्थितीत झाली होती. कोकोच्या निर्यातीवर गंगाजळी भरलेली होती. प्रशिक्षित मुलकी नोकरवर्ग होता, लेगॉन येथे चांगले विद्यापीठ होते आणि १९५६ पासून सरन्यायाधीशपदावर कोर्सा यांच्यासारखा एतद्देशीय विधिज्ञ बसलेला होता. आफ्रिकेतील फारच थोड्या देशांना स्वातंत्र्याच्या दिवशी एवढे भांडवल लाभले.

कायद्याने कायद्यावर मात

एन्क्रुमांपुढील अडचणी मात्र खऱ्या होत्या, हे नमूद केले पाहिजे. अशांती प्रांतातील कोको-उत्पादक आणि तेथील परंपरागत सरदार यांनी १९५४ पासून स्वायत्ततेसाठी चळवळ आरंभली होती. तिला हिंसाचाराचे वळण लागले होते. देश फुटेल अशी भीती निराधार नव्हती. परंतु या भीतीवर त्यांनी जो उपाय योजला, तो रोगापेक्षा भयंकर ठरला.

स्वातंत्र्याला सहा महिने होतात न होतात तोच कुमासी येथील दोन मुस्लिम नेत्यांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला. ते घानाचे नागरिक आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयापुढे चालू होता. सरकारने निकालाची वाट पाहिली नाही. पार्लमेंटमध्ये खास कायदा संमत करून दाव्याचा विषयच संपवून टाकला आणि दोघांना देशाबाहेर पाठवले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांत, धर्म किंवा जमात यांवर आधारलेल्या पक्षांना बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे सर्व विरोधी गट एकत्र येऊन एकच पक्ष स्थापन झाला. १९५८ च्या जुलैमध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. या कायद्याखाली कोणाही नागरिकाला चौकशीविना पाच वर्षे डांबून ठेवता येत असे.

याच नावाचा कायदा भारतानेही १९५० साली केला होता आणि त्यावर येथेही रास्त टीका झाली. तथापि दोहोंतला फरक लहान नव्हता. भारतीय कायद्यात स्थानबद्धतेची प्रकरणे सल्लागार मंडळापुढे जात, आणि तो कायदा मुदतीचा असल्यामुळे सरकारला पुनःपुन्हा संसदेपुढे येऊन त्याचे समर्थन करावे लागे. घानाच्या कायद्यात असा अडसर नव्हता.

१ जुलै १९६० रोजी घाना प्रजासत्ताक झाले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डांक्वा हे एन्क्रुमांचे प्रतिस्पर्धी होते आणि त्यांचा दणदणीत पराभव झाला. नव्या घटनेत पहिल्या अध्यक्षासाठी एक खास तरतूद होती. राष्ट्रहितासाठी आवश्यक वाटल्यास त्याला पार्लमेंटला डावलून आपल्या हुकमाने कायदा करता येत असे. मजूर संघटना पक्षाला जोडल्या गेल्या होत्याच. कोको खरेदीचा मक्ता १९६१ मध्ये पक्षाच्याच शेतकरी संघटनेला मिळाला. शाळकरी मुलांसाठी पक्षनिष्ठेचे धडे देणारी संघटना निघाली. नाण्यांवर आणि टपाल तिकिटांवर एन्क्रुमांची छबी आली. पक्ष, शासन आणि एक व्यक्ती यांच्यातील सीमारेषा हळूहळू पुसली जाऊ लागली.

न्यायालयाची माघार

या वाटचालीत न्यायालयाने वेळीच पाय रोवला असता, तर काय घडले असते हे सांगणे कठीण आहे. पण तशी एक संधी आली होती. अशांतीच्या राजाचे प्रमुख प्रवक्ते बाफूर ओसेई आकोटो आणि त्यांचे सात सहकारी यांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यास डांक्वा उभे राहिले. अध्यक्ष पदग्रहणाच्या वेळी नागरिकांच्या स्वातंत्र्याविषयी जी तत्त्वे गंभीरपणे जाहीर करतात, ती घटनेचाच भाग असून स्थानबद्धतेचा कायदा त्यांच्याशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. ही तत्त्वे केवळ नैतिक स्वरूपाची आहेत, न्यायालयात त्यांची अंमलबजावणी मागता येत नाही, असे कोर्टाने ठरवले. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश कोर्सा. पंधरा वर्षांनी, एप्रिल १९७६ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही आणीबाणीतील स्थानबद्धांना दाद मागण्याचे दार बंद केले. तेव्हा ज्यांना आकोटो खटला ठाऊक होता, त्यांना त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल.

निकालानंतर थोड्याच आठवड्यांत सेकोंडी-टाकोराडी येथील रेल्वे व बंदर कामगारांनी संप केला. नव्या अंदाजपत्रकातील सक्तीच्या बचतीने त्यांच्या पगाराला कात्री लागली होती. संप मोडण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये डांक्वांसह अनेक विरोधी नेते स्थानबद्ध झाले. ज्या कायद्याविरुद्ध डांक्वा कोर्टात भांडले, त्याच कायद्याने त्यांना तुरुंगात नेले. पुढच्या वर्षी त्यांची सुटका झाली, पण ती तात्पुरतीच होती.

१ ऑगस्ट १९६२ रोजी उत्तरेकडील कुलुंगुगू या गावी एन्क्रुमांवर बाँब टाकण्यात आला. ते बचावले, पण जखमी झाले. या वेळी संशयाची सुई विरोधकांपाशी थांबली नाही, ती पक्षातच वळली. माहितीमंत्री ताविया अदमाफिओ, परराष्ट्रमंत्री आको-अज्जे आणि पक्षाचे कार्यकारी चिटणीस कोफी-क्रॅब यांना पकडण्यात आले. याच तिघांना कोर्सा, व्हॅन लारे आणि अकुफो-अॅडो या न्यायाधीशांनी ९ डिसेंबर १९६३ रोजी निर्दोष ठरवले. उरलेल्या दोघा आरोपींना त्याच न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिली होती. म्हणजे हे न्यायालय सरकारचे शत्रुत्व करीत नव्हते. ते केवळ पुरावा तपासत होते. निकाल आधी आपल्या कानावर घातला नाही, अशी एन्क्रुमांची तक्रार होती. न्यायाधीशाने निकाल देण्यापूर्वी तो राज्यकर्त्याला कळवावा, ही अपेक्षाच न्यायालय आणि सरकारी कचेरी यांच्यात आता काही अंतर उरले नव्हते, हे दाखवते.

कोर्सा गेले. डिसेंबरअखेर पार्लमेंटने कायदा करून विशेष न्यायालयाचा निकाल रद्दबातल करण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला आणि तो लगेच वापरण्यात आला. नव्या सरन्यायाधीशांपुढे खटला पुन्हा चालला आणि या वेळी पाचही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. एन्क्रुमांनी ती कमी करून वीस वर्षांच्या कैदेत बदलली. जानेवारी १९६४ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलण्यात आली. देशात एकच पक्ष राहील आणि वरिष्ठ न्यायाधीशांना अध्यक्ष दूर करू शकतील, या दोन गोष्टी लोकांपुढे एकदम ठेवल्या गेल्या. शेकडा ९९.९ मते बाजूने पडल्याचे जाहीर झाले. विरोधकांचा बालेकिल्ला असलेल्या अशांतीत तर विरोधी असे एकही मत नोंदले गेले नाही! त्यानंतर अकुफो-अॅडो यांच्यासह आणखी न्यायाधीशांना घरी पाठवण्यात आले.

जानेवारी १९६४ मध्येच डांक्वा पुन्हा स्थानबद्ध झाले. एनसावाम येथील तुरुंगाच्या कोठडीत ४ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. देशाला घाना हे नाव सुचवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांना त्या देशात चौकशीविना मरण आले. १९४८ च्या सहा नेत्यांपैकी ओबेत्सेबी-लॅम्प्टी १९६३ मध्ये स्थानबद्धतेतच वारले होते. ज्यांनी एन्क्रुमांना मायदेशी बोलावण्याची सूचना केली, ते आको-अज्जे जन्मठेपेसारखी कैद भोगत होते आणि अकुफो-अॅडो बडतर्फ झाले होते. ब्रिटिशांनी या सर्वांना जेमतेम काही आठवडे अडकवून ठेवले होते.

आधार नसलेली सत्ता

२ जानेवारी १९६४ रोजी अध्यक्षांच्या निवासस्थानी पहाऱ्यावरील एका पोलीस शिपायाने एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या. अंगरक्षक मारला गेला, एन्क्रुमा वाचले. यानंतर पोलिसांकडील शस्त्रे काढून घेण्यात आली. सैन्यावरही भरवसा उरला नव्हता. अध्यक्षांच्या रक्षणासाठी वेगळी पलटण होती. तिला नियमित सैन्यापेक्षा चांगली वागणूक मिळते, ही सल सैनिकी अधिकाऱ्यांच्या मनात घर करून होती. १९६५ च्या जुलैमध्ये ओटू आणि आंक्रा या दोघा वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना निवृत्त करण्यात आले. त्याच वर्षी पार्लमेंटची निवडणूक ठरली. पण मतदान झालेच नाही. पक्षाने उभे केलेले सर्व १९८ उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले.

एन्क्रुमांनी काही उभारलेच नाही असे कोणी म्हणणार नाही. टेमा येथील बंदर, प्राथमिक शिक्षणाचा प्रसार, नवी विद्यापीठे आणि व्होल्टा नदीवरील आकोसोंबोचे प्रचंड धरण ही त्यांचीच कामे. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या १९६३ मधील स्थापनेत त्यांचा वाटा मोठा होता. पण कोकोचे जागतिक बाजारातील भाव कोसळले, गंगाजळी आटली, दुकानांतून वस्तू दिसेनाशा झाल्या. अशा वेळी राज्यकर्त्याला खरी परिस्थिती सांगण्याचे काम विरोधी पक्ष, वृत्तपत्रे, कामगार संघ, न्यायालये आणि निःस्पृह अधिकारी करीत असतात. हे सारे मार्ग त्यांनी स्वतःच बुजवले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचत होता तो केवळ स्तुतीचा आवाज.

२१ फेब्रुवारी १९६६ रोजी व्हिएटनाममधील युद्ध थांबवण्याच्या कामगिरीवर ते हॅनॉयला निघाले. वाटेत पेकिंगला पोहोचले, तेव्हा २४ फेब्रुवारीला मायदेशी सैन्य व पोलीस यांनी सत्ता हाती घेतल्याची बातमी त्यांना मिळाली. अमेरिकी शासनाला या कटाची आधीपासून कल्पना होती, हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. पण परकीयांच्या सहानुभूतीने सर्वच गोष्टींचा उलगडा होत नाही. अध्यक्षीय रक्षकदलाने काही तास प्रतिकार केला, एवढेच. ज्या पक्षाला राज्याचे सर्वस्व मानले गेले होते, तो एका घोषणेसरशी विरघळून गेला. आक्राच्या रस्त्यांवर लोकांनी जल्लोष केला आणि एन्क्रुमांचा पुतळा पाडला. हा उठाव घटनाबाह्य आहे असे सांगू शकणारे न्यायालय नव्हते, त्याचा निषेध करू शकणारे खरेखुरे पार्लमेंट नव्हते.

गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी एन्क्रुमांना आश्रय दिला आणि सहअध्यक्ष हा मानाचा किताबही बहाल केला. कोनाक्री येथे ते लेखन करीत आणि परतण्याची वाट पाहत राहिले. २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्टच्या रुग्णालयात कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

मोडण्याची सवय

ही कहाणी येथे संपली असती, तर एका माणसाच्या अहंकाराची गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवता आली असती. पण संस्था मोडण्याची सवय त्या माणसाबरोबर जात नाही. लष्करी राजवटीने शेकडो स्थानबद्धांना सोडले आणि लगोलग एन्क्रुमांच्या अनुयायांना चौकशीविना कोंडले. १९६९ मध्ये एन्क्रुमांचे कट्टर विरोधक डॉ. कोफी बुसिया पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने ५६८ सरकारी नोकरांना कामावरून काढले. त्यांपैकी सल्ला नावाच्या नोकराने सुप्रीम कोर्टात दावा जिंकला, तेव्हा लोकशाहीचा हा पुरस्कर्ता आकाशवाणीवरून न्यायालयावरच घसरला आणि त्याला परत कामावर घेण्यास त्याने साफ नकार दिला. बडतर्फ न्यायाधीश अकुफो-अॅडो दरम्यान सरन्यायाधीश आणि १९७० मध्ये देशाचे अध्यक्ष झाले होते. जानेवारी १९७२ च्या लष्करी उठावाने त्यांना दुसऱ्यांदा पदच्युत केले. ३० जून १९८२ च्या रात्री तर हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांना घरांतून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. एका न्यायाधीशाला हुकमाने काढता येते, इथपासून सुरू झालेला प्रवास वीस वर्षांच्या आत येथवर आला.

१९९२ मध्ये घानाने नवी घटना स्वीकारली. तिच्यात वरिष्ठ न्यायाधीशांना दूर करण्यासाठी चौकशी समितीची पद्धत घालून देण्यात आली; एकट्या अध्यक्षाच्या लहरीवर ते सोडले नाही. त्यानंतर मतपेटीतून तेथे अनेकदा सत्तांतर झाले. त्याच वर्षी आक्रा येथे, जेथून स्वातंत्र्याची घोषणा झाली होती त्या मैदानावर, एन्क्रुमांचे स्मारक उभारून त्यांच्या अस्थी तेथे आणण्यात आल्या. राष्ट्राने आपल्या निर्मात्याचा मान राखला आणि त्याने केलेली चूक दुरुस्त केली. या दोन्ही गोष्टी एकदम करता येतात, हे शहाणपण त्या देशाला फार मोठी किंमत देऊन लाभले.

एन्क्रुमांना आपण संस्था दुबळ्या करीत आहोत असे कधी वाटले नसावे. आपण राष्ट्राचे रक्षण करीत आहोत, अशीच त्यांची समजूत होती. विरोधक देशद्रोही, न्यायाधीश अडवणूक करणारे, अधिकारी जुन्या वळणाचे, अशी एकेकाची वासलात लावताना प्रत्येक वेळी कारण तयार होते आणि कायदाही तयार होता. लोकप्रिय नेत्याला संस्था ही आपल्या वेगाला लागलेली खीळ वाटते. परंतु उतारावर धावणाऱ्या गाडीला खिळीचीच गरज असते, आणि ती काढून टाकणारा बहुधा त्या गाडीतच बसलेला असतो.